चाळीस ठिकाणी प्रेसनोट पाठवली, एकही बातमी लागली नाही. चुकतंय कुठे?

पुठ्ठाबांधणी
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान आहे. हाताने शिवून बांधणी, जुन्या पुस्तकांची डागडुजी, जुने दस्त, पत्रं, वह्या नीट करून देणं. मी आणि दोन मदतनीस, एवढाच कारभार. काम चांगलं आहे असं गिऱ्हाईक म्हणतं, पण नवीन माणूस येतो तो कुणीतरी सांगितलं म्हणूनच. जाहिरातीला पैसे नाहीत. प्रसिद्धीचं काम करणाऱ्या एका एजन्सीकडे चौकशी केली, तर त्यांच्या महिन्याच्या आकड्यात माझ्या दोन्ही मदतनिसांचे पगार झाले असते. म्हटलं, आपणच करू.

दुकानाला दहा वर्षं झाली, ते निमित्त साधून प्रेसनोट लिहिली आणि चाळीस ठिकाणी मेल केली. तीन आठवडे झाले. एकीकडून जाहिरात विभागाचं दरपत्रक आलं. एकाने "मला या यादीतून काढा" असं सगळ्यांना रिप्लाय करून कळवलं. बाकी शांतता.

नोटेची सुरुवात अशी होती:

"कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, दर्जा, विश्वास आणि सचोटी या त्रिसूत्रीवर उभ्या असलेल्या आमच्या संस्थेने यशस्वी दहा वर्षे पूर्ण करून अकराव्या वर्षात दिमाखात पदार्पण केले असून..."

हसू नका.

उंटावरचा शहाणा
नाही हसलो. 'दिमाखात'ला थोडंसं.

खटपट्या
रुमाल टाकून ठेवतो. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुखणं अगदी हेच आहे.

निवृत्त उपसंपादक
ताई, आधी मेलचं बोलू. एकाचा रिप्लाय सगळ्यांना गेला, म्हणजे चाळीसही पत्ते तुम्ही 'टू'च्या रकान्यात एकत्र टाकले होते. प्रत्येक बातमीदाराला दिसलं की हीच नोट आणखी एकोणचाळीस जणांकडे आहे. मग ती लावायची घाई कुणाला असणार? पत्ते बीसीसीत टाकले असते तर ते नुसते झाकले गेले असते, एवढंच. चाळीस सोडा, पाच धरा. पण त्या पाच जणांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत काय लिहिलंय ते वाचून मग धरा. गुन्हेगारी बघणाऱ्याला पुस्तकबांधणी पाठवून उपयोग नाही. घर, छंद, जुन्या वस्तू, वाचन असल्या विषयांवर नाव कुणाचं येतं ते बघा. मेल त्याच माणसाला, त्याच्या नावाने.

आता डेस्कवरून काय दिसतं ते सांगतो, तिथे बावीस वर्षं काढली आहेत. पान लागताना जाहिराती आधी बसतात, उरलेल्या जागेत बातम्या. एखादी जाहिरात ऐन वेळी रद्द झाली की अर्ध्या कॉलमचं भोक पडतं. तेव्हा हाताशी असलेला स्वच्छ, वाचनीय मजकूर म्हणजे देव पावला. उलट ऐन वेळी जाहिरात आली की तुमची लावलेली बातमी उडते. त्यात कुणाचा तुमच्यावर राग नसतो. आणि हे सगळं चालू असताना इनबॉक्समध्ये "प्रेसनोट", "प्रसिद्धीसाठी", "कृपया प्रसिद्धी द्यावी ही विनंती" अशा विषयांच्या मेल एकाखाली एक पडलेल्या असतात. यातली तुमचीच का उघडायची? उघडली तर पहिल्या दोन ओळींत माझ्या वाचकाच्या कामाचं काही दिसलं पाहिजे, नाहीतर बोट पुढच्या मेलवर.

दहा वर्षं टिकून राहणं ही मोठीच गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण ती तुमच्या घरची गोष्ट झाली. खरं सांगायचं तर तुमच्या दुकानात बातमी नाही. काउंटरच्या आतल्या बाजूने तुम्हाला जे रोज दिसतं आणि बाहेरच्या कुणाला दिसत नाही, त्यात बातमी आहे.

म्हणून एकच प्रश्न विचारतो. लोक तुमच्याकडे जे कागद आणतात, त्यांचं सगळ्यात जास्त वाटोळं कशाने झालेलं असतं?

पुठ्ठाबांधणी
चिकटपट्टीने. विचारसुद्धा करावा लागला नाही.

पान फाटलं की लोक पारदर्शक चिकटपट्टी लावतात. सुरुवातीला अगदी छान दिसतं. काही वर्षांनी वरचं प्लॅस्टिक सुकून सुटतं, पण त्याचा चिकटा कागदात मुरतो, पिवळा होतो, मग तपकिरी. डाग समोरच्या पानावरही उतरतो. मग मला तो चिकटा कणाकणाने काढत बसावं लागतं आणि डाग तरीही राहतोच. गेल्या महिन्यात एक गृहस्थ त्यांच्या आजोबांची हस्तलिखित वही घेऊन आले होते. प्रत्येक पानाच्या घडीवर पट्टी. इतकी सरळ, इतकी नेटकी लावलेली की लावणाऱ्याने फूटपट्टी धरून मोजलं असावं. आणि शाई नेमकी त्या पट्ट्यांखालीच फुटली होती, आजूबाजूची अक्षरं जशीच्या तशी. मला त्यांना ते सांगवेना. त्यांनीच लावली होती, बारा वर्षांपूर्वी, वही टिकावी म्हणून.

दुसरा नंबर लॅमिनेशनचा. जुने दाखले, सनदा लोक गरम लॅमिनेशन करून आणतात आणि म्हणतात, आता हे काढून नीट करा. ते काढायचं म्हणजे कागद फाडायचा.

निवृत्त उपसंपादक
ताई, हे चाळीस मेलमध्ये कुठे होतं?

पुठ्ठाबांधणी
नव्हतं. हे तर रोजचंच आहे, हे काय लिहायचं असं वाटलं.

उंटावरचा शहाणा
वाचनखूण साठवली. आणि घरी फाइल उघडून बघितली. आमच्याकडे तीन पट्ट्या निघाल्या. चौथी लावायला मीच चिकटपट्टी शोधत होतो गेल्या आठवड्यात.

हिशेबनीस
सगळं ठीक, पण मला यात धंदा दिसत नाही. ताईंनी फुकटचा सल्ला वाटायचा, वर्तमानपत्राला फुकटचा मजकूर मिळणार, लोक घरच्या घरी शहाणे होणार. दुकानाला काय मिळालं? जाहिरातीत निदान पत्ता तरी मोठ्या अक्षरात येतो.

खटपट्या
हिशेबनीस साहेब, उलट अनुभव आहे. सायकलची साखळी घरी कशी साफ करायची याचा छोटा व्हिडिओ मी टाकला होता. भावाने शिव्या घातल्या, म्हणाला आता कोण येणार तुझ्याकडे. पुढच्या महिनाभरात कितीतरी जण आले, निम्मे साखळी हातात घेऊन. उघडली होती, बसत नव्हती.

निवृत्त उपसंपादक
:) अगदी. कामातली बारीक गोष्ट कळली की माणसाला दोन गोष्टी उमगतात. हे वाटतं तितकं सोपं नाही, आणि ज्याला हे कळतं असा एक माणूस अमुक ठिकाणी आहे. जाहिरातीत तुम्ही स्वतःच म्हणता की तुम्हाला कळतं. बातमीत ते दुसऱ्याने तपासून म्हटलेलं असतं. फरक तेवढाच, पण तो पैसे देऊन मिळत नाही.

बातमी कशाची होते यावर बराच अभ्यास झालेला आहे. योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूगे या दोन नॉर्वेजियन अभ्यासकांनी १९६५ मध्ये परदेशी बातम्या तपासून बारा घटक मांडले होते. त्यातले दोन-तीन छोट्या धंद्याला सहज लागू पडतात. एक अनपेक्षितपणा: जपायला लावलेल्या पट्टीनेच घात केला. दुसरा, गोष्टीला माणसाचा चेहरा असणं: आजोबांची वही. तिसरा जवळीक: चिकटपट्टी प्रत्येकाच्या घरात आहे. ताईंकडे तिन्ही आहेत आणि त्या बसल्यात त्रिसूत्रीवर.

नवीन नोट लिहा आणि इथे टाका. एका पानाच्या आत.

मुखदुर्बळ
अवांतर होईल कदाचित. मी खेळणी दुरुस्त करतो. लिहायला जमेल, पण पत्रकाराचा फोन आला तर माझी जीभच उचलत नाही. अशा माणसाने या भानगडीत पडावं का?

कानोसा
मी रेडिओवर कार्यक्रम करायचे, त्यामुळे तुमच्यासारखे खूप भेटलेत. उलट पोपटासारखे बोलणारे पाहुणे आम्हाला जड जायचे, त्यांना कापायचं कुठे हेच कळायचं नाही.

फोन आला की लगेच उत्तरं द्यायलाच हवीत असं कुठे लिहिलंय? कुठून बोलताय, विषय काय, कधीपर्यंत हवंय, एवढं विचारून घ्या आणि "वीस मिनिटांत मीच फोन करतो" म्हणा. मग कागदावर तीन मुद्दे लिहा. तीनच. आणि विसाव्या मिनिटाला खरंच फोन करा, कारण पलीकडच्या माणसाला डेडलाइन असते, एकविसाव्या मिनिटाला तो दुसऱ्या कुणाला तरी लावतो. लेखी उत्तरं पाठवली तरी बऱ्याच जणांना चालतं, फक्त तसं आधी विचारा.

आवाज रेकॉर्ड होणार असेल तर प्रश्न उत्तरात घेऊन बोला. "हो, त्यामुळेच" एवढंच म्हणालात तर आमचा प्रश्न कापल्यावर त्या वाक्याला अर्थ उरत नाही. "मी आत्ताच म्हटल्याप्रमाणे" हे तर शंभर टक्के कापावं लागतं. पंखा बंद करा. आणि कामाचा आवाज द्या! एका बाईंनी मुलाखतीआधी नुसतं कापड टरकावून दाखवलं होतं, त्या आवाजाने आमचा अख्खा कार्यक्रम उघडला. खेळण्याची किल्ली पिळल्याचा आवाज असेल ना तुमच्याकडे?

अजून एक, हे लोक फार चुकतात. "हे ऑफ द रेकॉर्ड हं" असं बोलून झाल्यावर म्हणायचं नसतं. ते बोलण्याआधी ठरतं, आणि समोरच्याने हो म्हटलं तरच ठरतं. त्यापेक्षा जे छापून आलेलं चालणार नाही ते बोलूच नये. गिऱ्हाइकाचं नाव तर अजिबात नाही. ताई, आजोबांच्या वहीचा फोटो देण्याआधी त्या गृहस्थांना विचाराल ना?

पुठ्ठाबांधणी
आजच फोन करते. हे लक्षातच आलं नव्हतं.

मुखदुर्बळ
किल्लीचा आवाज आहे. शिवाय एक माकड आहे, ते झांजा वाजवतं.

कानोसा
माकड ठेवा!

उंटावरचा शहाणा
थोडा इतिहास चालेल का? प्रेसनोट हा प्रकार सुरू झाला तो एका अपघातातून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. २८ ऑक्टोबर १९०६, अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात पडली, पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांचा खाक्या म्हणजे अपघात झाला की तोंडावर बोट. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या आयव्ही ली याने उलट केलं. कंपनीचं निवेदन लिहून पत्रकारांना दिलं आणि त्यांना घटनास्थळीही नेलं. न्यूयॉर्क टाइम्सने ते निवेदन जसंच्या तसं छापलं.

आणि दुसऱ्या टोकाला एडवर्ड बर्नेज. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत त्याने काही बायकांना सगळ्यांसमोर सिगारेट ओढायला लावली, नाव दिलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या, पैसे सिगारेट कंपनीचे होते. दोघेही या धंद्याचे आद्य पुरुष मानले जातात. कुणाच्या पंगतीला बसायचं ते आपण ठरवायचं.

हिशेबनीस
शहाणे, तुमचा ली ठीक आहे, पण छोट्या दुकानदाराच्या वाट्याला बर्नेजचे पुतणेच जास्त येतात. मागे मी एका ठिकाणी हिशेब बघत होतो, त्यांनी एजन्सी लावली होती. महिन्याच्या अहवालात एक गोंडस आकडा असायचा: "तुम्हाला इतक्या रकमेची प्रसिद्धी मिळाली". कसा काढला विचारलं, तर तेवढ्याच जागेच्या जाहिरातीचा दर गुणिले सेंटिमीटर, वर बातमी जास्त विश्वासार्ह म्हणून पुन्हा कशाने तरी गुणलेलं. मालक खूश. खात्यात काही दिसेना.

निवृत्त उपसंपादक
या आकड्याला त्यांच्याच व्यवसायाने बाद ठरवलंय. २०१० मध्ये बार्सिलोनात मोजमाप करणाऱ्या लोकांची परिषद झाली, तिथे जी तत्त्वं ठरली त्यात हे स्पष्ट आहे की जाहिरातीच्या दराइतकं मूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. तरी तो आकडा अहवालांतून जात नाही, कारण दिसायला मोठा असतो.

तुम्हाला मोजायचंच असेल तर काउंटरवर वही ठेवा. नवीन माणूस आला की "आमचं नाव कुठे कळलं?" विचारायचं आणि लिहायचं. बस.

खटपट्या
पैशांवरून आठवलं. एका पोर्टलवरून फोन आला, "आम्ही होतकरू व्यावसायिकांच्या मुलाखती करतोय, तुमची निवड झाली आहे." निवड झाली म्हटल्यावर मी फुललो. दीड तास बोललो, फोटो दिले, बायकोने शर्टाला इस्त्री केली. मग शेवटी बिल. म्हटलं हे कशाचं? "प्रकाशन शुल्क." त्यांचं बाकीचं पान नंतर नीट बघितलं तर सगळेच होतकरू, सगळेच द्रष्टे, आणि खाली वाचक एकही नाही.

निवृत्त उपसंपादक
"निवड झाली" म्हणून फोन आला की पहिला प्रश्न: यात माझ्याकडून काही पैसे लागणार आहेत का? पैसे लागत असतील तर ती जाहिरात. जाहिरात करण्यात गैर काही नाही, पण तिथे 'जाहिरात' असं छापलेलं असलं पाहिजे आणि तुम्हीही ती बातमी म्हणून मिरवू नये. विकतच्या लेखातून आपल्या वेबसाइटला लिंक घेतली की गूगलमध्ये वर जाऊ, असंही हे लोक सांगतात. पैसे देऊन घेतलेल्या लिंकवर तसा शिक्का हवा असा गूगलचाच नियम आहे, त्यासाठी २०१९ पासून 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूण आहे. शिक्का नसेल तर उलटा फटका बसू शकतो.

आणि बातमीदाराला भेटवस्तू, पाकीट, "तुमचं काम फुकट करून देतो" यातलं काहीही नको. चांगला बातमीदार त्यानंतर तुमचा फोन घेणार नाही. वाईट घेईल, रोज.

पुठ्ठाबांधणी
वहीवाल्या काकांना विचारलं. वहीचा फोटो चालेल म्हणाले, नाव नको. उलट म्हणाले, बाकीच्यांनी तरी अशी चूक करू नये.

नवीन नोट:

"विषय: फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावली तर बारा वर्षांनी काय होतं (फोटोसह)

जुन्या कागदपत्रांचं सर्वाधिक नुकसान वाळवीने नव्हे, तर घरच्यांनी काळजीपोटी लावलेल्या चिकटपट्टीने होतं. पट्टीचा चिकटा कागदात मुरतो, त्याचे तपकिरी डाग पडतात आणि खालची शाई फुटू शकते.

फाटलेलं पान तसंच सपाट, स्वच्छ कागदात घालून ठेवावं. लॅमिनेशन करू नये. आधी स्कॅन किंवा फोटो काढून ठेवावा. दुरुस्ती करायचीच तर पातळ, आम्लरहित कागद आणि पिष्टाची खळ वापरतात, ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. दमट हवेत, म्हणजे आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीची भीती असते, म्हणून फाइली भिंतीला टेकवून ठेवू नयेत.

(मग आमची ओळख, पत्ता, फोन.)"

निवृत्त उपसंपादक
ही मी उघडली असती. आता कातरी.

"सर्वाधिक नुकसान" कुणी मोजलं? बातमीदार हाच प्रश्न विचारणार आणि तुमच्याकडे उत्तर नसलं की बाकीच्या नोटेवरचाही विश्वास उडणार. तुमच्या कामाच्या वहीतून मोजा, जे निघेल ते "आमच्याकडे आलेल्या कागदांत" असं लिहा.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. तुम्ही दुकानाचं नाव सगळ्यात शेवटी टाकलंय. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात, ही डेस्कची जुनी सवय आहे. म्हणून बातमी उलट्या पिरॅमिडसारखी लिहितात, महत्त्वाचं वर आणि नसलं तरी चालेल ते खाली. तुमची ओळख आत्ता नेमकी कातरीच्या तोंडाशी आहे. नाव वर कसं आणायचं? मोठ्या अक्षरात नाही. दुसऱ्या परिच्छेदात तुमच्याच तोंडी एक वाक्य घाला आणि वाक्याच्या शेपटीला "असं अमुक बांधणी केंद्राच्या तमुक सांगतात". ते वाक्य बोलल्यासारखं असू द्या. वर तुम्ही लिहिलंत ना, "ते काढायचं म्हणजे कागद फाडायचा", तेच. ते कुणी कापणार नाही.

पीडीएफ पाठवू नका. त्यातून मजकूर उचलला की पुष्कळदा अक्षरं फुटतात, वेलांट्या एकीकडे आणि व्यंजनं दुसरीकडे. पुन्हा टाइप करायला कुणाला वेळ आहे? मजकूर सरळ मेलमध्येच हवा.

फोटोंचं. दुकानासमोर हार घालून उभे असलेले फोटो नकोत. एक वहीचा, जवळून, खिडकीच्या उजेडात. एक तुमच्या हातांचा, काम चालू असताना. छपाईला साधारण इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे सहा इंच रुंद छापायचा तर १८०० पिक्सेल तरी हवेत. व्हॉट्सॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोखाली काय आहे ते लिहा, माणसं असतील तर डावीकडून नावं. फाइलचं नाव आयएमजी-चार-आकडे नको, "चिकटपट्टी-डाग-वही" असं काहीतरी. महिनाभराने शोधणारा आशीर्वाद देईल.

पुठ्ठाबांधणी
वही काढून गेल्या वर्षभराची कामं मोजली. चिकटपट्टी लावलेली निम्म्याहून थोडी जास्तच. माझाच अंदाज खरा ठरला तरी मोजल्यावर बरं वाटलं. आता पाठवायचं कधी?

निवृत्त उपसंपादक
सकाळी. संध्याकाळी पान लागत असताना मेल करू नका, फोन तर नकोच. पुरवण्या काही दिवस आधी तयार होतात आणि मासिकांचं काम दोन-तीन महिने आधी चालतं, तेव्हा दमट हवेचे दिवस आल्यावर दमट हवेचा लेख पाठवला तर उशीर झाला समजा. दैनिकाच्या सोमवारच्या अंकाला बातम्यांचा दुष्काळ असतो, कारण रविवारी कचेऱ्या बंद. तुमच्यासारख्या बिनतारखेच्या बातमीला तो दिवस बरा.

उत्तर नाही आलं तर तीन-चार दिवसांनी एकदाच आठवण. "माझी मेल मिळाली का?" एवढंच नको, आणखी काहीतरी द्या, एखादा नवा फोटो किंवा "येऊन बघायचं असल्यास बुधवारी असं एक काम करणार आहे". तरी शांतता असेल तर सोडा, पुढच्या विषयाला पुन्हा. आणि छापण्याआधी लेख दाखवा असं म्हणू नका. बहुतेक ठिकाणी तसा दाखवायचा नाही असा नियमच असतो. "माझ्या तोंडचं वाक्य आणि आकडे एकदा वाचून दाखवाल का?" हे विचारता येतं.

हिशेबनीस
एक माहिती. पत्रकारांना एखाद्या विषयावर जाणकार हवा असला की ते विचारणा टाकतात आणि आपण उत्तर द्यायचं, अशाही सेवा आहेत. पीटर शँकमनने २००८ मध्ये सुरू केलेली 'हारो' त्यातली सगळ्यात माहितीची. मध्ये नाव बदललं, २०२४ च्या अखेरीस बंद पडली, २०२५ मध्ये नव्या मालकाकडे परत सुरू झाली. अडचण अशी की हल्ली तिथे यंत्राकडून लिहून घेतलेल्या उत्तरांचा पूर येतो.

कानोसा
म्हणूनच ताईंनी सांगितलेली वही लाखमोलाची. पट्टी मोजून लावली होती हे यंत्र लिहिणार नाही.

उंटावरचा शहाणा
पुढील लेखनाला शुभेच्छा ताई. निकाल कळवा.

पुठ्ठाबांधणी
पाच आठवड्यांनी निकाल कळवायला आले आहे.

पाच जणांना पाठवली, प्रत्येकाला वेगळी, त्यांच्या एकेका लेखाचा उल्लेख करून. दोघांकडून काहीच नाही. एकीने लिहिलं, विषय आवडला, सध्या जागा नाही. चौथ्याला आठवण पाठवली तेव्हा कळलं तो विभागच बदलून गेलाय, पण त्याने मेल पुढे सरकवली. पाचवीचा फोन आला. मी "वीस मिनिटांत करते" म्हटलं आणि अठराव्या मिनिटाला केला. ती येऊन दोन तास बसली, स्वतःच्या हाताने चिकटा काढून बघितला, वैतागली. पुरवणीत अर्धं पान लागलं. वहीचा फोटो मोठा. "ते काढायचं म्हणजे कागद फाडायचा" ही तर चौकट केली. दुकानाचं नाव एकदाच, दुसऱ्या परिच्छेदात, आणि शेवटचा परिच्छेद कापलेला, तुम्ही म्हणालात तसा.

आता गंमत. माझ्या फोटोखाली छापलंय "बांधकाम व्यावसायिक".

उंटावरचा शहाणा
दिमाखात!

पुठ्ठाबांधणी
दोन फोन आले, गच्चीवर खोली काढायची आहे म्हणून.

निवृत्त उपसंपादक
हा आमच्या लोकांचा प्रताप. तिने बरोबर लिहिलं असणार, फोटोओळ डेस्कवर कुणीतरी घाईत केली. संपादकांना तक्रार लिहू नका, आधी तिलाच दोन ओळींत कळवा. लेख छान झाला, फोटोओळीत 'बांधणी' हवं होतं, ऑनलाइन अंकात बदलता येईल का. ऑनलाइन त्याच दिवशी बदलतात. छापील दुरुस्ती असल्या चुकीला मागू नये, त्याने दुसऱ्यांदा हसं होतं.

पुठ्ठाबांधणी
कळवलं. तासाभरात बदललं आणि तिचा माफीचा फोन आला. बोलता बोलता तिने विचारलं की पाणी गळून भिजलेल्या पुस्तकांचं काय करायचं, पुढच्या महिन्यात तिला त्यावर लिहायचंय. तिच्या फोनमध्ये माझा नंबर 'कागद' नावाने आहे म्हणे.

काउंटरवरच्या वहीत "पुरवणीत वाचलं" अशा अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या चार जणांनी फक्त चिकटपट्टी दाखवून सल्ला घेतला आणि गेले. सात कामं आली. हिशेबनीस, मांडा.

हिशेबनीस
मांडलं. खर्चाच्या बाजूला काही सापडत नाहीये.

खटपट्या
माझी नोट तयार आहे: सायकल वर्षभर उभी राहिली की काय काय बिघडतं. उद्या इथे टाकतो, कातरी घेऊन बसा.

मुखदुर्बळ
अभिनंदन ताई. एक विचारायचं होतं. आमच्या आजीचं शाळेचं प्रमाणपत्र मी मागच्याच वर्षी लॅमिनेट केलं. ते निघेल का हो?

पुठ्ठाबांधणी
घरी काढायचा प्रयत्न करू नका, तसंच राहू द्या. आधी स्कॅन करून घ्या आणि मूळ प्रत उन्हापासून लांब, सपाट ठेवा. आणि माकडाचं काय झालं?

मुखदुर्बळ
शनिवारी रेकॉर्डिंग आहे. झांजा त्याच्या, बोलायचं मलाच आहे.